पहिली ७०.३ आणि टीटी सायकलचा मोह: पुणेकरांनो, सल्ला द्या

नळस्टॉप_लोकल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय.

वय ३९, नोकरी हिंजवडीत, राहायला कोथरूड. पळणं बऱ्यापैकी जमतं, हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत होते. पोहायला गेल्या उन्हाळ्यात शिकलो. जानेवारीपासून इथल्याच एका ट्रायथलॉन ग्रुपमध्ये आहे. सर चांगले आहेत, आठवड्याचं शीट रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. ग्रुपमधले बरेच जण यंदा गोव्याची ७०.३ (अर्धी आयर्नमॅन ट्रायथलॉन) करताहेत, म्हणजे १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी पळणं. मीही नाव घातलंय.

रविवारची राईड संपली की टपरीवर चहाबरोबर एकच विषय: कोणी कुठली चाकं घेतली. माझ्याकडे साधी अ‍ॅल्युमिनियमची रोडबाईक आहे. बोनस झालाय, आणि ग्रुपमधल्या एकाची थोडीच वापरलेली टीटी (टाइम ट्रायल, वारा कापायला वाकून चालवायची) सायकल विकायला निघालीये. किंमत ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात स्कूटर येते, आणि तिला पेडल मारावं लागत नाही."

तर, टीटी घेऊ का? वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) लागतो का? आणि तलावाबाहेर पोहायचा सराव पुण्यात कुठे करतात? काही जण पहाटे खडकवासल्यात उतरतात असं ऐकलंय.

तळजाईकर

टीटी घेऊ नका.

तुम्ही वय सांगितलंत, हाफची वेळ सांगितलीत, सायकलचा धातूसुद्धा सांगितलात. १०० मीटर किती वेळात पोहता ते मात्र लिहिलं नाहीत. म्हणजे आम्हाला कळलं.

७०.३ मध्ये पोहण्याला ७० मिनिटं मिळतात. १९०० मीटरला ७० मिनिटं म्हणजे शंभराला साधारण ३ मिनिटं ४१ सेकंद. कागदावर हे फार आरामात वाटतं. पण तो हिशेब सरळ रेषेत पोहणाऱ्याचा आहे. समुद्रात तळाला काळी पट्टी नसते. वाट दाखवणारा तरंगता बोया दिसत नाही, माणूस नागमोडी जातो आणि १९०० चे २१०० कधी होतात ते त्यालाही कळत नाही. ७० मिनिटं उलटली की अधिकारी वेळ मोजणारी चिप काढून घेतात आणि तुमची ती टीटी सायकल रॅकवर तशीच लटकत राहते.

आता सायकलचं. वाऱ्याचा बहुतेक अडथळा सायकलीला होत नाही, वर बसलेल्या माणसाच्या अंगाला होतो. आहे त्या रोडबाईकला क्लिप-ऑन एरोबार (हँडलला जोडायच्या, पुढे हात टेकायच्या दांड्या) लावा आणि कोपरं टेकवून तासभर वाकून बसायची सवय करा. टीटीचा मोठा फायदा तिथेच वसूल होतो. उरलेला थोडका फायदा पोडियमवाल्यांसाठी. शिवाय टीटीवर एरो स्थितीत हात ब्रेकवर नसतात. आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. कात्रजच्या जुन्या घाटात समोरून एसटी आणि मधे खड्डा आला की ब्रेक बोटाखाली असलेला बरा.

शनिवारपेठी

अनुमोदन. फक्त एक शंका. ती टीटी कुठल्या साईजची आहे? मित्रासाठी विचारतोय.

नळस्टॉप_लोकल

तळजाईकर, वर्मावर बोट ठेवलंत. शंभरला २:५० लागतात, पण ते पहिल्या चारशेपर्यंत. मग दम लागतो आणि कठड्याला धरून उभा राहतो. पाय मात्र भरपूर मारतो, त्यामुळे कमी पडतंय कुठे ते कळत नाही.

शनिवारपेठी, ५४. मित्राला सांगा.

म्हैस_पाण्यात

पाय भरपूर मारता, तिथेच दम जातोय. शाळेपासून पोहते आणि आता हौशी लोकांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पळणारी माणसं पाण्यात आली की सगळ्यांचं एकच होतं. घोटा ताठ, गुडघ्यातून लाथा, आणि श्वास कोंडलेला. श्वास पाण्याखाली सोडायचा असतो, नाकातोंडातून, सतत, बुडबुडे काढत. तुम्ही तो धरून ठेवता, मग मान बाहेर काढल्यावर आधी सोडता आणि मग घेता. तेवढ्या वेळात मान वर येते, कंबर खाली जाते, आणि बुडणारी कंबर वर ठेवायला पाय आणखी जोरात मारता. पुढचे दोन आठवडे वेळ बघूच नका. मांड्यांमध्ये पुल बॉय (फोमचा तरंगता तुकडा) धरून पोहा, पाय बंद. कंबर वर असताना पाणी कसं लागतं ते अंगाला कळू द्या. पॅडल्स (पोहताना तळहाताला लावायच्या फळ्या) इतक्यात घेऊ नका. तंत्र कच्चं असताना पॅडल्स घातले की खांदा जातो आणि मग चार महिने फिजिओथेरपी.

दुसरं असं की आपल्याकडचे बहुतेक तलाव २५ मीटरचे. १९०० मीटर म्हणजे ७६ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला भिंतीला पाय लावून फुकटचा धक्का. समुद्रात ती भिंत नसते. म्हणून महिन्यातून एक-दोनदा ५० मीटरच्या तलावात जा. बालेवाडीला आहे, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या संकुलात. पहिल्यांदा ५० मीटरचं दुसरं टोक दिसतच नाही, घाबरू नका.

बोया बघण्याचा सराव तलावातही होतो. दर सहा-आठ हातांनंतर डोळे मगरीसारखे पाण्याच्या जरा वर काढायचे, समोर काठावर ठेवलेली रंगीत बाटली बघायची, आणि मग बाजूला वळून श्वास. समोर बघतानाच श्वास घेऊ नका, लाट तोंडात येते. मधूनमधून डोळे मिटून दहा हात मारा आणि कुठल्या बाजूला भरकटता ते बघा. बहुतेकांचा एक हात जास्त ओढतो.

आता थोडं विषयांतर. ४५ मिनिटांच्या बॅचमध्ये हे सगळं बसवायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. उथळ बाजूला चार काका कमरेइतक्या पाण्यात उभं राहून महापालिकेच्या निवडणुकीवर बोलत असतात आणि आपण त्यांना वळसे घालत पोहायचं. बायकांची तर वेगळीच तऱ्हा. मी जाते त्या तलावावर महिलांची बॅच सकाळी दहाला आणि दुपारी चारला. नोकरी करणाऱ्या बाईने कधी पोहायचं? विचारलं तर उत्तर आलं, "लेडीज पहाटे येत नाहीत." येणार कशा, बॅचच नाही! आमच्या ग्रुपमधल्या तिघींनी मिळून सकाळी सहाच्या मिश्र बॅचचा पास मागितला, अर्ज लिहून दिला, दोनदा फेऱ्या मारल्या. आता मिळालाय. इथल्या कुणा ताईंना हवा असेल तर मला निरोप टाका, अर्जाचा मसुदा पाठवते.

डॉ_टेकडीवाले

खडकवासल्याबद्दल आधी. उतरू नका. पोहायला मनाईचे फलक तिथे उगाच लावलेले नाहीत. काठाजवळ गाळ, एकदम खोल होत जाणारा तळ, आणि दरवर्षी पेपरात येणाऱ्या बातम्या. शहराचं पिण्याचं पाणी आहे ते, हा मुद्दा वेगळाच. "आम्ही नेहमी जातो, काही होत नाही" म्हणणारे तुमच्याबरोबर कायाक आणि जीवरक्षक घेऊन येत नाहीत. काही ग्रुप रीतसर परवानगी काढून, होडी आणि जीवरक्षकांसह, तलावात सराव ठेवतात. तिथे जा, आणि तिथेही कमरेला भडक रंगाचा बोया बांधून. तो तरंगता बोया ही तुमची पहिली खरेदी असू द्या.

आणि एक रुक्ष गोष्ट. ट्रायथलॉनमध्ये होणारे बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात, असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलंय. थंड पाणी, गर्दी, घबराट, आणि कधी आधीपासून असलेला पण माहीत नसलेला हृदयविकार. तुम्ही चाळिशीला आलात. घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल, किंवा तुम्हाला चढावर छातीत दडपण येत असेल, तर फिजिशियनला दाखवा; ईसीजी, स्ट्रेस टेस्ट काय लागेल ते ते ठरवतील. नव्या चाकांच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. पाण्यात घाबरायला झालं तर उताणं व्हायचं, आकाशाकडे बघत श्वास जागेवर आणायचा, हात वर करून कायाक बोलवायची. कायाकला धरून थांबलं म्हणून बाद करत नाहीत, फक्त तिच्या जोरावर पुढे सरकायचं नाही.

वेटसूट नको. हौशी स्पर्धकांना पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तरच त्याची पूर्ण मुभा असते. गोव्याचा समुद्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याहून बराच गरम असतो. वेटसूट घालून तिथे उकडून निघाल.

कोकणकडा

समुद्राचा सराव हवा असेल तर मालवणला चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा असते. छान आयोजन, वेगवेगळी अंतरं. पण ती डिसेंबरात, म्हणजे गोव्यानंतर. यंदा उपयोग नाही, पुढच्या वर्षी धरा. आणि नारळी पौर्णिमा झाली म्हणून समुद्र लगेच शांत होत नाही. सप्टेंबरच्या आत किनाऱ्यावर जाऊन शौर्य दाखवू नका. स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय तर मुळीच नको.

गिअर_आणि_ग्रीस

सायकलवाल्याला उशीर झाला, क्षमस्व. दुकान बंद करून लिहितोय.

साहेब, मला आधी सांगा, मागच्या चाकाची ट्यूब स्वतः बदलता येते का? पुढच्या नाही, मागच्या. माझ्याकडे भारी भारी कार्बनच्या सायकली घेऊन माणसं येतात. विचारलं की सांगतात, "ग्रुपमध्ये कोणीतरी असतंच हो." शर्यतीत कोणी नसतं. बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर बादही होता येतं. घरी सतरंजी टाकून बसा आणि मागचं चाक काढणं-घालणं अंधारात जमेपर्यंत करा. चेन आधी मागच्या सगळ्यात लहान चकतीवर आणा, मग चाक काढा, निम्मं काम सोपं होतं. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काच किंवा तार शोधा. पौड रस्त्यावर बाटल्यांच्या इतक्या बारीक काचा असतात की दुसरी ट्यूब शंभर मीटरवर बसते. आणि खिशात पितळेचा छोटा अडॅप्टर ठेवा. रोडबाईकचा व्हॉल्व बारीक असतो, प्रेस्टा म्हणतात, त्यावर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याची हवेची नळी बसत नाही. माझ्याकडे तो चहाच्या किमतीत मिळतो आणि चार जणांमागे एकाकडेही नसतो.

टायर २५ मिमीचे असतील आणि फ्रेममध्ये जागा असेल तर २८ चे घाला. पुण्याच्या रस्त्याला तेच बरे. १२० पीएसआयपर्यंत हवा ठासायची जुनी सवय सोडा, तेवढ्या हवेवर सायकल खडबडीत रस्त्यावर उड्या मारते, वेग वाढत नाही आणि हातांना मुंग्या येतात.

यानंतर पैसे उरले की बाईक फिट (सायकल अंगाच्या मापाला जुळवणं) करून घ्या. तोपर्यंत घरगुती उपाय: सीटवर बसून टाच पेडलवर, पेडल सगळ्यात खाली, गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. तुम्ही बहुतेक सीट खाली ठेवून चालवत असणार, सगळेच ठेवतात. मग गुडघा पुढून दुखतो आणि दोष बुटांना देतात.

एरोबारबद्दल तळजाईकर बरोबर बोलले. एकच भर घालतो. घोळक्यात चालवताना त्यावर झोपू नका. पुढच्याने ब्रेक मारला तर तुमच्यामुळे मागचे सहा जण पडतील.

तळजाईकर

घोळक्याचा विषय निघालाच आहे तर मला मुख्य म्हणायचंय ते हे. ७०.३ मध्ये हौशी स्पर्धकाने पुढच्याच्या मागे लपून चालवायला बंदी आहे. पुढच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, ओलांडायचं तर २५ सेकंदांत ओलांडायचं. आणि आपले ग्रुप काय करतात? दर रविवारी जुन्या हायवेने लोणावळ्याच्या दिशेने ओळीत एकमेकांच्या चाकाला चाक लावून. स्ट्राव्हा अ‍ॅपवर सरासरी ताशी ३० येते. ती सरासरी पुढच्याची असते, आपण तिच्यावर बसून आलेलो असतो. असा माणूस गोव्यात एकटा वाऱ्यात सापडला की साठाव्या किलोमीटरला मान टाकतो.

ग्रुप हवाच. पहाटे साडेचारला उठवायला, पहिल्यांदा पाण्यात उतरताना शेजारी असायला. पण दोन आठवड्यांतून एक लांब राईड एकट्याने करा, १२ मीटरच्या नियमाने. सरांना सांगा, शहाणे असतील तर नाही म्हणणार नाहीत.

हिंजवडी_फेज_थ्री

सरांच्या शीटवर झोन २ (म्हणजे सावकाश, ठोके आटोक्यात ठेवून) लिहिलेलं असतं आणि ग्रुपमधले सिंहगडाच्या पायथ्यापासून शर्यत लावतात, हे सगळीकडचंच आहे का? गोळेवाडीच्या नाक्यावरून घाट सुरू झाला की सगळ्यांच्या अंगात येतं. मी हळू चढलो तर "काय, तब्येत बरी नाही का" विचारतात.

तळजाईकर

सगळीकडचंच आहे. पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, तो झोन २. घड्याळाच्या मनगटावरच्या सेन्सरवर फार विसंबू नका, ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्या, तो स्वस्तही आहे. घाटातली शर्यत आठवड्यातून एकदा ठीक आहे. रोजच तेच केलं तर ऑगस्टपर्यंत कुठलातरी स्नायू बोलायला लागतो.

शनिवारपेठी

१९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जण सुरुवातीला उभे होते आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. छातीचा पट्टा एकाकडेही नव्हता. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये पन्नाशीला झुरिकची पूर्ण आयर्नमॅन केली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या सोसायटीत निम्मे लोक सायकल शोधायला लागले. त्यातल्या दोन आता गॅलरीत आहेत, वर वाळवण असतं.

आमच्या मित्राला ५४ मोठी पडते. विषय संपला.

पोळीभाजी_पॉवर

खाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही? ९० किमी म्हणजे तुमच्या वेगाने साडेतीन तास. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं धरली तरी दोनशेच्या वर ग्रॅम सायकलवरच पोटात जायला हवीत, नाहीतर पळताना पंधरा किमीवर दिवा जातो.

एनर्जी जेल महाग पडतात. साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. महागड्या पावडरींमध्येही अशीच दोन साखरांची जोडी असते, कारण आतडं त्या दोन वेगळ्या वाटांनी आत घेतं. मी लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, लिंबू आणि पाव चमच्याहून थोडं जास्त मीठ घालते. गूळही चालतो, पण गाळून घ्या, बाटलीच्या तोंडाशी कचरा अडकतो. सोबत एक केळं किंवा खजूर. शेंगदाण्याची चिक्की शर्यतीत नको, तेलकट असल्याने पोटात बसून राहते. राजगिऱ्याचा लाडू तर मुळीच नको. सायकलवर तोंडात कोरडा भुगा आणि श्वास नाकातून, नको तो प्रसंग.

ओआरएसबद्दल गैरसमज आहे. पाकीट लिटरभर पाण्यात घातलं की त्यात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. ते मीठ-पाण्यासाठी, ताकदीसाठी नाही. दोन्ही हवं.

डॉ_टेकडीवाले

उत्तम. फक्त नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम खाली जाऊन माणूस भ्रमिष्ट होतो. तासभर पळण्याआधी आणि नंतर वजन करा. अर्धा किलो कमी झालं तर साधारण अर्धा लिटर घाम गेला, मधे प्यायलेलं त्यात मिळवा. सकाळी विद्यापीठात पळताना एक आकडा येईल, ऑक्टोबर हीटमध्ये अकरा वाजता दुसराच. गोव्याचा आकडा त्याहून वेगळा, कारण दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळतो. स्पर्धेच्या आधीचे दहा-पंधरा दिवस रोज थोडा वेळ उन्हात, जास्तीचा कपडा घालून, हळू पळा. शरीर तेवढ्यात बरंच जुळवून घेतं.

नळस्टॉप_लोकल

सगळ्यांचे आभार. टीटी रद्द. बायकोला धागा वाचायला दिला, ती म्हणाली की म्हैसताई आणि ग्रीसदादांना माझा नमस्कार सांगा.

ठरवलंय ते असं: क्लिप-ऑन बार, बोया, पुल बॉय, दोन जादा ट्यूब आणि तो पितळी अडॅप्टर. पोहण्यासाठी आठवड्यातून एकदा वैयक्तिक शिकवणी, सरांशी बोलून. त्यांनी उलट विचारलं, "इतके दिवस का नाही म्हणालात?"

राहिलेला प्रश्न: पावसात सायकल कशी चालवता? पानशेतचा रस्ता आता शेवाळलाय. जुना इनडोअर ट्रेनर मिळतोय, मागचं चाक रोलरवर टेकतं तो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली ज्येष्ठ नागरिक आहेत.

गिअर_आणि_ग्रीस

घ्या. मागे जुना टायर घाला, रोलर नवा टायर खाऊन टाकतो. खाली जाड रबरी चटई, तिच्याखाली जुनी गादी असेल तर उत्तम, आवाजापेक्षा थरथर जास्त जाते खाली. समोर टेबलफॅन लावल्याशिवाय बसू नका. आणि हँडलच्या मुळाशी असतो त्या हेडसेटवर पंचा टाका. घाम खाऱ्या पाण्यासारखा बेअरिंग खातो, सप्टेंबरात माझ्याकडे गंजलेल्या सायकलींची रांग असते.

म्हैस_पाण्यात

खालच्या काकूंना आधी जाऊन सांगा, पहाटे साडेपाचला सुरू करून मग सांगायला नको. आमच्याकडे सात ते आठ ठरलंय, त्या वेळी त्यांचा मिक्सर चालू असतो.

शनिवारी बालेवाडीला जाणार आहे. ५० मीटर बघायचं असेल तर या, पोहण्याची टोपी विसरू नका, गेटवर परत पाठवतात.